दोन आवाजांचा गायक

माझ्या गाण्याला मिळालेली सगळ्यात मोठी दाद म्हणजे हशा. ही तक्रार नाही, होतं तसं सांगतोय.

आमच्या ऑर्केस्ट्रात माझा आयटम ठरलेला होता. निवेदक माइकवर सांगायचा, की आता मुंबईहून खास आलेल्या गायिका आपल्यासमोर गाणार आहेत. कीबोर्डवाला एका गाजलेल्या सिनेमातल्या गाण्याचे सुरुवातीचे सूर वाजवायचा आणि मी विंगेत उभा राहून, लोकांना न दिसता, बाईच्या आवाजात गायला लागायचो. जत्रेतली माणसं हातात खाज्याची पुडी घेऊन थांबायची. गडबड कमी व्हायची. पहिलं कडवं संपता संपता मी स्टेजवर यायचो. अंगात सफारी, जाड मिशी, पायांत खाणीवरचे बूट. मग जो काही गोंधळ उडायचा! शिट्ट्या, टाळ्या, बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. त्या गोंधळात दुसरं कडवं कोणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. वास्तविक दुसरं कडवं मी जास्त चांगलं गायचो, कारण तोवर गळा तापलेला असायचा.

मी पेडणे तालुक्यातल्या धारगळचा. गोवा मुक्त झाला तेव्हा मी शाळेतही जायला लागलो नव्हतो. पुढे बी.कॉम.ला दोनदा आपटलो आणि एका ओळखीने पाळी गावात लोहखनिजाच्या खाणीच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून चिकटलो. डिचोलीत एक खोली घेतली. रस्त्याकडे उघडणारं एक जनेल, एक खाट, एक स्टोव्ह. दिवसभर ट्रक काट्यावर यायचे, मी वजन लिहून चिठ्ठी खिडकीतून बाहेर द्यायचो, ड्रायव्हर हात पुढे करायचा, ट्रक जायचा. दिवसाकाठी शंभर हात बघायचो, तोंडं फारशी बघायला मिळायची नाहीत. संध्याकाळी खोलीवर आलो की बादलीतलं पहिलं पाणी तांबडं व्हायचं. कुणाशी बोलायचं म्हटलं तर घरमालकीण होती, पण तिला ऐकू कमी यायचं आणि मला मोठ्याने बोलायचा कंटाळा.

आवाजाची गोष्ट अशी, की सगळ्या मुलांचा फुटतो तसा माझाही आवाज फुटला, पण जुना गेला नाही. खाली नवा आला आणि वर जुना तसाच राहिला. कॉलेजात असताना मित्रांच्या आग्रहाखातर एकदा वरच्या आवाजात गायलो आणि तेव्हापासून खालच्या आवाजात गायला मला कोणी सांगितलंच नाही. ऑर्केस्ट्रावाले त्याला लेडीज आवाज म्हणत. त्यांच्याकडे एक खरी गायिकाही होती, पण तिच्या वडिलांना जत्रेतले कार्यक्रम पसंत नव्हते, म्हणून तिची गाणीही बहुतेक माझ्याच वाट्याला यायची.

आमच्या पेडण्याकडे दशावतारात पुरुष लुगडं नेसून राणी होतात. राणी वनवासात रडते तेव्हा समोरच्या बाया पदराने डोळे पुसतात, कोणी हसत नाही. मी याचा पुष्कळ विचार केला. त्या माणसाला लुगडं असतं, मला नव्हतं, एवढाच फरक. लुगड्याशिवाय तोच आवाज काढला की गंमत होते. लग्नाची दोन स्थळं आली होती, ती याच पायी गेली. एका मुलीचा भाऊ तर आमच्याच पडवीत बसून, चहा पिता पिता म्हणाला, "एकदां काडून दाखयशात? आमच्या मामान आयकूंक ना." मी काढून दाखवला. काय करणार? मामा खूश झाले, स्थळ फिसकटलं.

असं सगळं बरं चाललं असताना एका रविवारी मी काट्यावरच्या एका सोबत्याकडे सत्यनारायणाला गेलो होतो. डिचोली तालुक्यातलंच गाव, देवळाला लागून वस्ती. दुपारी जेवून बसस्टॉपकडे निघालो तर एका घरातून गाणं ऐकू आलं. पेटी नाही, तबला नाही, नुसता तंबोरा आणि एक आवाज. मी कुंपणापाशी उभा राहिलो. तो आवाज पुरुषाचा की बाईचा हे मला कळेना. ज्या माणसाचं सगळं नाव या एकाच प्रश्नावर उभं होतं त्याला ते कळेना! थोड्या वेळाने लक्षात आलं, की आपण तो प्रश्न सोडूनच दिलाय आणि नुसते ऐकतोय. असं माझ्या बाबतीत कधी कोणाचं झालं नव्हतं.

आत एक म्हातारी बाई होती. तरुणपणी देवळातल्या उत्सवात गायची, पुढे काही वर्षं रेडिओवर गायली, आता एकटी असायची. वयामुळे तिचा आवाज खाली उतरला होता. गावात सगळे तिला बाय म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. मी तिला म्हटलं, मला शिकायचंय. ती म्हणाली, "गावन दाखय." मी माझं सगळ्यात चांगलं ते दाखवलं, म्हणजे लेडीज आवाज. पूर्ण गाणं, दोन्ही कडवी.

ती हसली नाही. हे मला आजही आठवतं आणि आजही बरं वाटतं. दोन्ही कडवी ऐकून घेऊन ती म्हणाली, "बरें. आतां तुजें म्हण."

"हें माजेंच न्ही?"

"हें तुजें न्हय. हें त्या रेकॉर्डीचें."

मग मी खालच्या आवाजात एक भजन म्हटलं. ते मलाच ऐकवेना. वरचा आवाज वीस वर्षं वापरलेला, घोटलेला, आणि हा बिचारा नुसता बोलायच्या कामाचा, चिठ्ठी घे आणि ट्रक काढ म्हणण्यापुरता. बाय डोळे मिटून ऐकत होती. तिने पेटी पुढे ओढली आणि एकेक पट्टी दाबून माझ्याकडून सा लावून घेतला. पांढरी चार, काळी दोन, पांढरी दोन. काळी एकवर थांबली. "हांगा बसता तूं," ती म्हणाली. "हांगाच बस."

ऑर्केस्ट्रात पट्टी विचारायची पद्धत नव्हती. रेकॉर्ड ज्या पट्टीत, गायक त्या पट्टीत. गळा गाण्याला बसवायचा. बायचं उलटं होतं. ती म्हणायची, आधी गळा बघायचा आणि त्याला बसेल असं गाणं द्यायचं. तिने मला पहिल्यांदा भीमपलास दिला. पंधरा दिवसांत काढून घेतला. म्हणाली, यात तू लाडीगोडी करतोस. हे खरं होतं. प्रत्येक सुराच्या शेवटी एक गोड हेलकावा द्यायची मला ऑर्केस्ट्राची सवय, आणि भीमपलासात त्या सवयीला भरपूर जागा मिळत होती. मग तिने वृंदावनी सारंग दिला. पाच सुरांचा, दुपारचा राग. "सारंगांत गोडेपणा करूंक सुवात ना," ती म्हणाली, म्हणजे जागाच नाही. "सुवात ना तर तूं करचो ना." दोन वर्षं तो एकच राग चालला.

माझी एक खोड तिला फार जाचली. मला कोणाचाही आवाज उचलता येई, आणि येत होतं तेवढंच येत होतं. ती एक जागा घेऊन दाखवायची, मी तशीच्या तशी घ्यायचो. एक दिवस ती गाता गाता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माजो गळो कांपता, म्हातारपणान. तुजो कित्याक कांपता?" मी तिच्या सुराबरोबर तिचा कंपही उचलला होता, अगदी बिनचूक. "माजें म्हातारपण घेवं नाका रे," ती म्हणाली. "सूर घे, हेर रावूं दी." त्यानंतर ती जागा गाऊन दाखवेनाशी झाली. नुसती सांगायची. अवघड होतं, पण त्यातूनच माझ्या पहिल्या चार ताना आल्या, ज्या कोणाच्याच नव्हत्या. त्या दिवशी बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

दुसरी अडचण शब्दांची होती. बंदिशीत राधा गाऱ्हाणं सांगते, की तो भरदुपारी वाट अडवतो, आता घरी जाऊन काय सांगू. मी विचारलं, "बाय, हें बायलेचें उतर. मागीर आवाज कसलो काडूं?" प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, माझ्या धंद्यातला होता. ती म्हणाली, "सगळे मोठे दादले गवई हेंच गायतात. कोण हांसता? राधेचें गाऱ्हाणें तुज्या आवाजान सांग. राधा जावंक वचूं नाका." मला ते कधीतरी बिडी ओढताना अचानक पटलं. मी वर्षानुवर्षं गाणं सांगत नव्हतो, गाणाऱ्या बाईचं सोंग करत होतो. तिथे हसू येणारच. लोकांचं काय चुकलं?

आता जे सांगायचं ते. सुरुवातीच्याच महिन्यात बायने एक अट घातली होती. "तुज्या गळ्यांत दोगां रावतात," ती म्हणाली. "एकल्याक भायर काड. तें ऑर्केस्ट्राचें सोड." मी म्हटलं, सोडतो. पुढच्या रविवारी तिने विचारलं, "सोडलें मरे?" मी म्हटलं, "सोडलें."

सोडलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी कुठल्यातरी जत्रेत गायचो आणि रविवारी सकाळची बस धरून तिच्याकडे जायचो. गळा बसलेला असायचा. ती विचारायची काय झालं, आणि मी म्हणायचो, खाणीची धूळ. तिला ते पटायचं, धूळ सगळ्यांनाच दिसत होती. ती आत जाऊन ज्येष्ठमधाचं पाणी उकळून आणायची आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहायची. म्हणायची, "खणीर दुसरें काम मेळना?" ते पाणी मला गिळवत नसे. तरी मी प्यायचो, आणि शनिवारी परत जायचो.

का, म्हणून विचाराल तर उत्तर फार साधं आहे. आठवड्यातून ती पाच मिनिटं लोकांना मी हवा असायचो. माणसं हात मिळवायला यायची, भजी आणून द्यायची, लांबून नावाने हाक मारायची. बायकडे मी चांगला होत होतो, पण तिथे मला ऐकणारी ती एकटी. आणि खोलीवर तर कोणीच नाही. लबाडी चुकीची आहे हे कळत होतं. एकटं राहायचा कंटाळा त्याहून मोठा होता. तीन वर्षं मी तिला फसवलं आणि त्याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या वर्षी तिच्या गावचा भजनी सप्ताह आला. आमच्याकडचा सप्ताह म्हणजे सात दिवस देवळात भजन अखंड चालू. समई विझता कामा नये आणि सूर तुटता कामा नये. प्रत्येक वाड्याचा, प्रत्येक मंडळाचा पहारा ठरलेला. एकाने थांबायच्या आत दुसऱ्याने सूर धरायचा. संध्याकाळचे पहारे मानाचे, त्यांना लांबून गायक बोलावतात. दुपारी जेवणानंतरचा एक ते दोनचा पहारा कोणालाच नको असतो. गाव जेवून आडवं झालेलं असतं. तो पहारा बायने देवळाच्या समितीकडे माझ्यासाठी मागून घेतला.

"कोण आयकूंक येवचो ना," ती म्हणाली. "हांव येतलें. सारंगाचो वेळ तो. माइक नाका, काय नाका. गळो केदो आसा तेदोच दाखय."

ती देवळात फारशी जात नसे. पायऱ्या चढताना तिला धाप लागायची. ती माझ्यासाठी येणार होती. मी पंधरा दिवस काट्यावर बसून मनातल्या मनात सारंग म्हणत होतो. एका ट्रकचं वजन दुसऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलं आणि सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. मला एकच गोष्ट हवी होती. त्या बाईने माझा आवाज, माझा खालचा आवाज, देवासमोर ऐकावा आणि त्यात तिला काहीतरी गवसावं. तसं झालं तर त्या शनिवारपासून ऑर्केस्ट्रा खरंच सोडायचा, हे मी ठरवलं होतं. म्हणजे तीन वर्षांची लबाडी मागच्या तारखेने खरी होईल असा माझा हिशेब होता.

त्या दिवशी मी बाराच्या सुमारास देवळात पोचलो. समितीतला एक ट्रकमालक धावतच पुढे आला. मोठ्या मनाचा माणूस, आमच्या ऑर्केस्ट्राच्या एकूण एक कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारा. बायने पहाऱ्यासाठी नाव दिलं तेव्हा त्याने ते ओळखलं होतं आणि त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. "आमच्या गांवांत तुमी येतात आनी अशेंच बसून गावचें? जावंचें ना!" असं म्हणून त्याने मला देवळाच्या चौकाच्या, म्हणजे सभामंडपाच्या, कडेला नेलं. तिथे दोन खांबांना दोरी बांधून जरीकाठाचा पडदा लावलेला होता. नाटकाच्या वेळी देवळात लावतात तो. पडद्याच्या मागे चटई, तंबोरा, आणि माइक. दोन माइक.

मला एन्ट्री घेता यावी म्हणून त्यांनी तो पडदा बांधला होता. कौतुकाने, मानाने. सकाळपासून तिघांनी खपून गाठी मारल्या होत्या. पेटीवाल्याने मला विचारलं, "पट्टी कंची? लेडीज काय जेंट्स?" मी काळी एक म्हटल्यावर त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तबलजीने तबला वरच्या पट्टीत चढवून ठेवला होता, तो बाजूला सारून भजनी मंडळाचा मोठा तबला उसना आणावा लागला. मी ट्रकमालकाला म्हटलं, पडदा काढा. तो म्हणाला, "आतां खंय? पहारो संपत आयला." आणि खरंच, चौकातल्या मंडळाचा शेवटचा गजर सुरू झाला होता. तो संपायच्या आत मला सूर धरायलाच हवा होता.

पण एक कबूल करतो. मी दोरी तोडू शकलो असतो. हाताला लागेल अशी होती. मी तोडली नाही, कारण तोवर ट्रकमालक माइकपाशी पोचला होता आणि तो काय बोलणार हे मला कळलं होतं. त्यानंतर मला बायचं तोंड बघायचं नव्हतं. मला तो पडदा हवासा झाला.

त्याने मन लावून सांगितलं. आपल्या भागाचा अभिमान, दोन आवाजांचा गायक, गेल्या शनिवारी ज्यांनी शेजारच्या गावच्या जत्रेत हसून हसून पोट दुखवून घेतलं त्यांना वेगळं सांगायला नको, आणि येत्या शनिवारी कुठे कार्यक्रम आहे तेही. कर्ण्यावरून ते सगळ्या वाड्यावर गेलं. वामकुक्षी घेणारं गाव उठलं. चौकात चपला वाजल्या, मुलं धावत आली, पडद्यापलीकडे माणसांची गर्दी झाल्याचं मला ऐकू येत होतं. दुपारच्या पहाऱ्याला इतकी माणसं त्या देवळात कधी जमली नसतील.

मी तंबोरा घेतला आणि काळी एकचा सा लावला.

पहिली पाचेक मिनिटं सगळे गप्प होते. त्यांना वाटलं, ही सुरुवात आहे. मग कुजबुज ऐकू आली. एका बाईचा आवाज, "हो कोण गायता? तो खंय आसा?" एका मुलाने ओरडून सांगितलं, "बायलेचो आवाज काड!" कोणी त्याला गप्प केलं, कोणी हसलं. मी विलंबित बंदिशीच्या अंतऱ्यावर आलो. वरचा सा समोर होता. तिथे तो जुना आवाज तयार उभा होता, मला माहीत होतं. एक पायरी चढायची आणि सगळा चौक माझा झाला असता. माझ्या गळ्याला त्यात काही कष्ट नव्हते, उलट सुटका होती. मी खालच्याच आवाजाने वर गेलो. तो आवाज तिथे चिरकला थोडा. पण माझा होता.

त्यानंतर चपला वाजायला लागल्या, या वेळी बाहेरच्या दिशेने. घाईने नव्हे. दोघं उठायची, मग चौघं. एक जण जाता जाता म्हणाला, "आजारी आसतलो." तबलजी माझ्याकडे केविलवाणं बघत होता. मला मात्र हळूहळू हलकं वाटायला लागलं. गर्दी जात होती तसतसं माझ्यासाठी पडद्यापलीकडे एकच माणूस उरत होतं. बाय तिथे खांबाला टेकून बसली असणार. तिने सगळं ऐकलं असणार, लबाडी कळली असणार, आणि तरीही ती ऐकत असणार. मी तिला उद्देशून गायला लागलो. राधेचं गाऱ्हाणं मी तिला सांगत होतो, आणि माझंही. मी खोटं बोललो, मी दर शनिवारी गेलो, पण बघ, हा आवाजही आहे, हा तू काढलास. चाळीस मिनिटांनी तो गळा असा काही मोकळा झाला, की माझाच विश्वास बसेना. सूर लावला की तो राहत होता. ताना माझ्या येत होत्या, मी आधी कधी न घेतलेल्या, कोणाच्याच नसलेल्या. पेटीवाला वाजवायचा थांबला आणि ऐकत बसला. मी तेव्हा सुखी होतो. आयुष्यात मी कशासाठी जन्मलो असा प्रश्न मला त्या वीस मिनिटांत पडला नाही.

पुढच्या मंडळाने सूर धरला, तसा मी तंबोरा ठेवला, उठलो आणि पडदा बाजूला केला. चौक रिकामा होता. नवं मंडळ एका कडेला बसून गात होतं आणि समईत तेल घालणारे म्हातारे काका देवाच्या गर्भकुडीच्या दाराशी बसले होते. बाकी कोणी नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "बाय खंय?"

"ती? ती केन्नाच गेली," काका म्हणाले. "अनाउन्स जातालें तेन्नाच उठली. धरून व्हरूं काय म्हणून विचारलें, तर नाका म्हणाली."

मी तिथेच पायरीवर बसलो. ट्रकमालक आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, की असू दे, एखाद दिवस गळा धरतो, शनिवारी भरून काढा. त्याने माझ्यासाठी पानावर वाढून ठेवलं होतं. मी जेवलो. भूक लागलेली होती.

रविवारी तिच्याकडे गेलो. जाताना बसमध्ये सगळं बोलणं जुळवलं होतं. ती दारात आली आणि मला दाराबाहेरच्या बलकांवातल्या कदेलावर, म्हणजे पाहुण्यांच्या खुर्चीवर, बसायला सांगितलं. चार वर्षं मी आत, तंबोऱ्यासमोर चटईवर बसत होतो. चहा कपबशीत आला. तिने धारगळच्या घराची चौकशी केली, आईचे गुडघे कसे आहेत विचारलं, हमरस्त्यावर गाड्या किती वाढल्या म्हणाली. पतपेढीतला कोणी सह्या घ्यायला आला असता तर त्याच्याशी ती असंच बोलली असती. रागावली असती तर मला पाय धरता आले असते. ती रागावली नव्हती.

शेवटी मीच म्हटलं, "बाय, त्या दिसा हांव पडद्याफाटल्यान गायलों. पूण सगळें माज्याच आवाजान. एक ते दोन, पुराय."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला ते खरं वाटावं म्हणून मी जवळ जवळ तिची विनवणी करत होतो, आणि तोंडातून शब्द बाहेर पडताना मलाच ते खोटे वाटत होते. रविवारमागून रविवार याच तोंडाने, याच जागी, मी तिला धुळीचं सांगत आलो होतो. काकांना विचार, पेटीवाल्याला विचार, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. पण आपल्या गाण्याला साक्षीदार कुठले आणायचे?

"जायत," ती म्हणाली, असू दे म्हणावं तसं. "चा निंवता."

मी चहा संपवला. कपबशी मी आत नेऊन ठेवतो म्हटलं, तर ती राहू दे म्हणाली. त्यानंतर मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कदेलावर बसलो, मग जाणं थांबवलं.

आता निवृत्त होऊन धारगळला असतो. मोप्याच्या विमानतळावरची विमानं घरावरून जातात तेव्हा क्षणभर काही ऐकू येत नाही, एरवी दुपारी शांत असतं. एक वाजता मी तंबोरा लावतो आणि सारंग म्हणतो, काळी एकमध्ये. भावजय म्हणते, बरं गाता तुम्ही, आणि भांडी घासायला निघून जाते. बाय गेल्याचं मला वर्तमानपत्रात वाचून कळलं.

पण त्या रविवारनंतरच्या शनिवारचं राहिलं. मी ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे गेलो आणि सांगितलं, की आजपासून मी नाही. त्याला वाटलं मी भाव खातोय. नंतर त्याला पटलं. संध्याकाळी त्यांचा टेम्पो जत्रेला निघून गेला आणि मी डिचोलीच्या खोलीत खाटेवर बसून राहिलो. सोडलं होतं, या वेळी खरोखर सोडलं होतं. आणि जगात ज्या एका माणसाला ते सांगायचं होतं, तिला मी ते तीन वर्षांपूर्वीच सांगून बसलो होतो.